झाकण उघडायचं नाही

ठोसरकाकांच्या अंगणात 'छान' म्हणायला बंदी आहे. कुणी चुकून म्हटलंच, तर काका हातातला चिमटा खाली ठेवतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "छान म्हणजे काय?" पाहुणा गडबडतो. म्हणतो, "म्हणजे, चांगलं झालंय." काका म्हणतात, "चांगलं म्हणजे काय?" हातात ताट घेतलेला माणूस तोंडी परीक्षेला उभा असल्यासारखा दिसायला लागतो. शेवटी काका "नाक आहे की खुंटी?" असं म्हणून आत निघून जातात, आणि पाहुण्याला कळत नाही की पुढचा घास घ्यायचा की ताट ठेवून घरी जायचं.

मला त्यांचा राग येतो. हे आधीच सांगते, कारण अशा माणसांबद्दल लिहिताना लोक शेवटी 'पण मनानं फार मोठे' असं काहीतरी लिहितात. मला तसं लिहायचं नाही. मला नीट लिहिता येईल की नाही हेही माहीत नाही. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मीच पहिली, आणि काकांनी याच गोष्टीवरून माझा जितका अपमान केला आहे तितका कॉलेजात कुणी केला नाही.

आम्ही त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. जबलपुरात, गोरखपुर बाजाराच्या मागच्या गल्लीत. बाबा रेल्वेत खलाशी आहेत, म्हणजे लोखंड उचलायचं काम. खाली काका एकटे. अंगणात टिनाच्या पत्र्याखाली त्यांचं इंजिन.

इंजिन हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलं. काका डिफेन्सच्या कारखान्यात वेल्डर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी भंगारातून कॉम्प्रेसरची एक जुनी टाकी आणली, आडवी करून चार पायांवर उभी केली, एका बाजूला खाली लोखंडी पेटी जोडली आणि दुसऱ्या बाजूला धुराडं. लाकूड पेटीत जळतं, मटण टाकीत असतं. आगीची आणि मटणाची भेट होत नाही. पेटीतला धूर आणि ऊब तेवढी टाकीतून फिरून धुराड्यातून बाहेर पडते. सकाळी ठेवलेली बकऱ्याची रान, म्हणजे अख्खी मांडी, दुपार कलल्यावर निघते. बाहेरून कोळशासारखी काळी, आणि आत नुसतं बोट लावलं तरी हाडापासून सुटणारी.

हे सगळं ते फोनवर शिकले. एक दाढीवाला अमेरिकन माणूस त्यात अशी भट्टी चालवतो. काकांना इंग्रजी येत नाही, पण त्यामुळे त्यांचं काही अडत नाही. तो बोलत असतो आणि काका फोनला उत्तर देत असतात, "हे चुकून राहिला तू. इतकं लाकूड नाही घालायचं. अच्छा, घाल. घाल आणि मर."

इंजिनचा पहिला नियम, झाकण उघडायचं नाही. "उघडलं की जातं," काका म्हणतात. माझे मामा एकदा नागपूरहून आले होते. त्यांनी सहज, कौतुकानं, दोन बोटं आत जातील इतकं झाकण उचललं. काकांनी त्यांना अंगणातून बाहेर काढलं, चपला घालायला वेळ न देता. मामा अजूनही त्यांच्या बोलण्यात येतात, पण नावानं नाही. "ते झाकणवाले कसे आहेत?" असं आईला विचारतात.

दुसरा नियम, लाकूड फळाच्या झाडाचं पाहिजे. आंबा चालतो, पण बिही पहिली. पेरूला आमच्याकडे बिही म्हणतात. पाटनच्या बाजूला कुणाच्या तरी बागेतून छाटणीची लाकडं येतात, ती काका वर्षभर पत्र्याखाली वाळवतात आणि त्यांना हात लावणाऱ्या मांजरावरसुद्धा ओरडतात.

शैलाकाकू होत्या तेव्हाही ते असेच ओरडायचे. फरक इतकाच, की तेव्हा कुणीतरी त्यांना उलट बोलायचं. पहिला घास काकूंचा असायचा. त्या धुराड्याच्या बाजूला वेताच्या बुटक्या मोड्यावर बसायच्या, दिवसभर तिथेच भाजी निवडायच्या, तिथेच पेपर वाचायच्या. रान निघाली की एक तुकडा तोंडात घालून डोळे मिटायच्या. सगळे थांबायचे. काका चिमटा धरून उभे.

"आधी आंबा लावला होता," काकू डोळे न उघडता म्हणायच्या. "बिही नंतर घातली. कडेला जरा गोड आलंय, गुळाच्या काकवीसारखं. हाडाजवळ नुसता धूर आहे, मीठ पोचलं नाही. आणि तुम्ही मधे एकदा झाकण उघडलं होतं."

"नाही उघडलं."

"उघडलं होतं जी."

"आतला उष्णतेचा काटा बघायला उघडलं," काका ओरडायचे. "माझं इंजिन आहे, मी उघडीन." आणि मग इतके खुश असायचे की दुसऱ्यांदा मटण वाढताना कुणावर ओरडायचं विसरून जायचे.

ज्या वर्षी सगळी गल्ली दारं लावून बसली होती, त्या वर्षी दोघंही दवाखान्यात गेले. काका एकटे परत आले. त्यानंतर त्यांचा राग असा वाढला की बाबा जिन्यावरून उतरताना चपला हातात घ्यायला लागले.

खाली दूध उतू जाऊन करपलं तर वरपर्यंत वास यायचा आणि काका शेजारच्याच खोलीत टीव्ही बघत असायचे. आईनं खाली जाऊन गॅस बंद केला तर म्हणायचे, "माझं दूध आहे, मी जाळीन." एकदा त्यांच्या फळीमागे उंदीर मरून पडला. आई नाकाला पदर लावून सांगायला गेली, तर ते शांतपणे तिथेच पोळी खात बसले होते. "तुम्हा लोकांना वासाचीच पडलेली असते," म्हणाले. आई वर येऊन म्हणाली, "माणूस दुःखानं दगड झाला." बाबा म्हणाले, "दगड असा ओरडत नसतो."

रविवारी मात्र इंजिन पेटायचं. ताट वर यायचं. आणि ताटापाठोपाठ खालून हाक यायची, "काय म्हणते कॉलेज?"

कॉलेज म्हणजे मी. पहिल्यांदा मी जिन्यातून म्हटलं, "छान झालंय, काका." मग जे झालं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. "रोज बस पकडून सिविल लाइंसला जाते ना तू? हेच शिकवून राहिले का तिथे? छान? बाप बिचारा लोखंड उचलतो आणि पोरगी छान म्हणते." त्या दिवशी मी जेवले नाही. पुढच्या रविवारी मी तयारी करून बसले. म्हटलं, "खमंग झालंय." खालून आवाज आला, "खमंग चिवडा असतो." त्याच्या पुढच्या रविवारी मी उत्तरच दिलं नाही, तर ते जिना चढून वर आले, दारात उभे राहिले, आणि मला वाटलं आता मारतात. त्यांनी फक्त ताटाकडे पाहिलं. "संपवलं नाही," म्हणाले आणि उतरले.

ते स्वतः आमच्यासमोर कधीच खायचे नाहीत. "मी नंतर खातो." आम्हाला वाटायचं, हाही एक माज.

आता मुख्य गोष्ट. काकूंनी एक प्रथा लावून ठेवली होती. आपला श्रावण लागायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी गल्लीतली चार-पाच मराठी घरं खाली जेवायची. जबलपुरात यात एक अडचण आहे. इथल्या हिंदी लोकांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. म्हणजे आपला शेवटचा रविवार त्यांच्या सावनात पडतो. समोर राहणारे तिवारीजी भले माणूस आहेत, पण शिवाला पाणी घालून परत येताना समोरून मटणाचा धूर यावा हे त्यांना दरवर्षी जड जातं.

"चाचाजी, सावन लग गया," ते फाटकातून म्हणतात.

"आपका लगा होगा. हमारा पंद्रह दिन बाद लगता है."

"तो क्या भोलेनाथ आपके यहाँ पंद्रह दिन बाद आएँगे?"

"हमारे वाले रेल से आते हैं, लेट चलते हैं."

काकू असताना यावर दोन्हीकडचे हसायचे. काकू गेल्यावर काका हे वाक्य इतक्या रागानं म्हणायला लागले की तिवारीजींनी विचारणंच सोडलं. मराठी घरंही एकेक करून गळाली. घरचं जेवण सोडून शिव्या खायला कोण येईल? मागच्या वर्षी आमच्याशिवाय कुणी आलं नाही. काकांनी मांडलेल्या पत्रावळी त्यांनी स्वतःच उचलल्या. त्या उचलतानाही ते पत्रावळींवर चिडलेले होते.

यंदा आई घरोघरी गेली. "एकदा या," म्हणाली. "काकूंसाठी या. यंदा नाही ओरडणार, मी शब्द देते." कशाच्या जोरावर शब्द दिला कोण जाणे, पण लोक हो म्हणाले. खाली येऊन आईनं काकांना बजावलं, "यंदा ओरडलात तर पुढच्या वर्षापासून कुणी येणार नाही. मी पण नाही." काका म्हणाले, "बरं." आईला ते 'बरं' इतकं नवीन होतं की तिनं ते रात्री दोनदा सांगितलं.

पण पाऊस लागून राहिला होता. पत्र्याखालची बिही ओल धरून बसली. ओल्या लाकडाचा धूर पांढरा आणि जाड येतो, त्यानं मटण कडू होतं, हे आम्हाला सगळ्यांना पाठ होतं. काका दोन दिवस लाकडांवर ओरडत होते. मग शनिवारी बाबा सायकलवर लाकडाचे ठोकळे बांधून आले. रेल्वेचं एक जुनं क्वार्टर पाडून राहिले होते, तिथे पायरीला लावलेलं लाकूड. ठेकेदारानं न्या म्हटलं होतं. बाबा कुणासाठी काही आणतात तेव्हा उगीच मान खाली घालतात, तसे उभे होते.

"रुळाखालच्या जुन्या स्लीपरचं आहे," बाबा म्हणाले. "पण कितीतरी वर्षं पावसात होतं, तेलबिल धुऊन गेलं असेल. आतून वाळून खडखडीत आहे. चालेल का, बघा."

काकांनी एक ठोकळा उचलला. नाकाशी नेला. चांगला लांब श्वास घेतला.

"एक नंबर," म्हणाले. "गजानन, तुला लाकूड कळतं."

काकांनी कुणाचं कौतुक केलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. बाबा वर आले तेव्हा त्यांचा चेहरा मी सांगू शकत नाही. जेवताना तीन वेळा म्हणाले, "वास घेऊन सांगितलं त्यांनी."

रविवारी बाबा ड्युटीवर गेले. मी वर खिडकीशी वाचत बसले होते. अकराच्या सुमाराला घरात डांबराचा वास आला. मला वाटलं, बाजाराच्या रस्त्यावर काम काढलं असेल. मग घसा खवखवायला लागला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि एकदम म्हणाली, "अगं, स्लीपर. कुजू नये म्हणून पाजलेलं असतं त्याला डांबराचं तेल. माझी आई चुलीजवळ येऊ द्यायची नाही. विष असतं ते."

मी धावत खाली गेले. धुराड्यातून पिवळट काळा धूर निघत होता आणि काका पेटीच्या झडपेवर ओरडत होते. "हवा काहून नाही ओढत? काल साफ केलं ना तुला?" त्यांच्या अंगाभोवती तो वास इतका दाट होता की मला पत्र्याखाली पाय ठेवता येईना. ते त्यात उभे होते. अंगात धुतलेला सदरा होता.

"काका, वास," मी म्हटलं.

"कसला वास?"

"असं काय करता? इतका वास येतोय."

"नाक आहे की खुंटी? पाऊस आहे, धूर खाली बसतो."

मग मला राग आला. इतक्या दिवसांचा सगळा आला. मी ओरडले, "तुम्हाला येत नाही का?"

काका थांबले. त्यांनी धुराड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग खाली वाकून धुरात तोंड घातलं आणि श्वास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, खोकला आला. खोकून झाल्यावर म्हणाले, "येतो की. चांगला येतो."

"कशाचा?"

ते माझ्याकडे बघत राहिले. कॉलेजात तोंडी परीक्षेत मला एकदा काहीच आठवलं नव्हतं. मी तेव्हा कशी दिसले असेन, हे मला त्या दिवशी कळलं.

"बिहीचा," ते म्हणाले.

पेटीत बिहीचा एक तुकडाही नव्हता.

आई जिन्यात येऊन उभी राहिली होती, तिनं हातानं तोंड झाकलं. काका मोड्यावर बसले, काकूंच्या. तिथे ते कधी बसत नसत.

"दवाखान्यातून आलो तेव्हापासून," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच चिडका होता. "मीठ कळतं. तिखट झोंबतं. बाकी पुठ्ठा. डॉक्टर म्हणाला येईल हळूहळू. काय येईल? मी दर रविवारी ताट भरून वर पाठवतो. म्हणतो, कुणीतरी सांगेल काय झालं ते. आणि तुम्ही लोक..." त्यांनी चिमटा भिंतीवर फेकला. "छान."

"सांगायचं ना मग," मी म्हटलं. मी रडत होते आणि माझा राग गेला नव्हता. "बाबांच्या समोर वास घेऊन कशाला दाखवला? ते रात्रभर खुश होते."

काका उठले आणि त्यांनी स्वतः झाकण उघडलं. पूर्ण. दोन राना होत्या, काळ्या चकचकीत. त्या पोत्यात घालून त्यांनी तोंड बांधलं, कुत्र्यांना मिळू नये म्हणून मागे खड्डा करून पुरल्या. पेटीतली आग पाण्यानं विझवली. आई वर गेली आणि तिनं मोठ्या पातेल्यात डाळ टाकली.

लोक आले. पत्रावळींवर वरण-भात, बटाट्याची भाजी आणि तळलेल्या मिरच्या बघून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बाबा तेवढ्यात ड्युटीवरून आले, अंगणात थबकले, थंड पडलेल्या इंजिनकडे पाहिलं आणि मग पेटीशेजारच्या उरलेल्या ठोकळ्यांकडे. त्यांच्या लक्षात आलं. ते काहीतरी बोलायला गेले, तर काका आडवे आले.

"लाकूड मी निवडलं," काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी फोडलं, मी लावलं. चूक माझी आहे. गजानन, तू बस. तू काहून उभा आहे? जेवायला आला ना?"

फाटकातून तिवारीजी डोकावले. "क्या बात है चाचाजी, दाल? सावन का असर हो गया?"

काका वरणाचं भांडं घेऊन फाटकापर्यंत गेले. "आइए," म्हणाले. "आज आपके लायक बना है. फिर पंद्रह दिन वाली बात मत करना." तिवारीजी आले आणि बसलेही. पुढच्या वर्षी यायचं का, असं कुणी विचारलं नाही, पण जाताना देशमुखांच्या आजी काकांना म्हणाल्या, "पुढच्या वेळी लाकूड आमच्याकडून घ्या, आंबा पाडायचाय." काका म्हणाले, "आधी बघीन." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही बघेल."

सगळे गेल्यावर मी पत्रावळी गोळा करत होते. काकांनी खोलीच्या दारातून हाक मारली. "रेणू, इकडे ये." त्याआधी त्यांनी मला नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. नेहमी 'कॉलेज' म्हणायचे.

आत लोखंडी कपाट होतं. दाराच्या फटीवरून, वरपासून खालपर्यंत, वेल्डिंगच्या दुकानात मिळते तसली जाड चिकटपट्टी लावलेली. ती लावून बरीच वर्षं झाली असावीत, कडा पिवळ्या पडल्या होत्या.

"तिची निळी शाल आहे," काका म्हणाले. "समोरच आहे. मी परत आलो तेव्हापासून उघडलं नाही. मला कळणार नव्हतंच, पण म्हटलं, उघडलं की जातं."

त्यांनी पट्टी नखानं सोडवायला घेतली. त्यांचे हात लोखंड जोडणाऱ्याचे, पण पट्टी निघेना. मी मदत केली नाही. त्यांना आवडलं नसतं.

"पटकन नाक घाल आणि सांग," ते म्हणाले. "दार उघडं ठेवू नको. आणि छान म्हणशील तर याद राख."

दार करकरलं. मी डोकं आत घातलं. त्यांनी मागून दार माझ्या खांद्यापर्यंत ओढून धरलं, धूर अडवावा तसं. शालीत नाक खुपसून मी उभी राहिले. मला घाई करायची नव्हती. चुकीचा शब्द गेला असता तर तो परत घेता आला नसता.

"खोबरेल तेल," मी आतून म्हटलं. "खवट नाही, ताजं असतं तसं. कडेला कापूर. थोडी हळद, किंवा मला वाटतंय."

"वाटतंय म्हणजे काय?" बाहेरून काका ओरडले.

"हळद आहे," मी म्हटलं. "आणि धूर आहे. सगळीकडे आहे. खाली आंबा, वर बिही."

बाहेरून दार माझ्या खांद्यावर जरा जास्त दाबलं गेलं.

"बस," मग काका म्हणाले. "निघ आता. लाव दार."